मंगळाच्या ध्रुवावरचं पाणी आणि पर्सिव्हल लॉवेल

मंगळावर प्रगत लोक राहतात आणि त्यांनी ध्रुवावरच्या बर्फाचं पाणी शेतीपर्यंत आणायला कालवे खणलेत, ही गोष्ट चाळिशी-पन्नाशीतल्या बऱ्याच जणांनी शाळेत असताना कुठेतरी वाचलेली किंवा ऐकलेली असते. ती एखाद्या कादंबरीतली असावी असं वाटतं. पण ती मांडली होती हार्वर्डमध्ये गणित शिकलेल्या एका अमेरिकन माणसाने, स्वतःच्या पैशाने वेधशाळा उभारून, वीसेक वर्षं दुर्बिणीला डोळा लावून, शेकडो चित्रं आणि नकाशे काढून. पर्सिव्हल लॉवेल त्यांचं नाव. आज मंगळाच्या ध्रुवीय बर्फात एखादा जिवाणू तग धरून असेल का, याचा शोध मोठमोठ्या संस्था घेताहेत. मंगळाचं सगळं कोडं त्याच्या ध्रुवावरच्या बर्फात आहे, हे सामान्य वाचकांच्या डोक्यात पहिल्यांदा घट्ट बसवलं ते लॉवेलनी. बाकी त्यांचं जवळजवळ सगळं चुकलं.

लॉवेल यांचा जन्म १३ मार्च १८५५ चा, बोस्टन शहरातला. घराणं इतकं मोठं की कापडगिरण्यांच्या एका अख्ख्या गावाला त्यांचं आडनाव मिळालेलं. बोस्टनच्या अशा जुन्या, शिकलेल्या आणि स्वतःला जरा वरचढ समजणाऱ्या घराण्यांना तिकडे चक्क ‘बोस्टन ब्राह्मण’ म्हणत, शब्द आपल्याकडून उचललेला! धाकटा भाऊ ॲबट लॉरेन्स पुढे चोवीस वर्षं हार्वर्ड विद्यापीठाचा अध्यक्ष होता. सगळ्यात धाकटी बहीण एमी ही नावाजलेली कवयित्री, तिला मरणोत्तर पुलित्झर मिळालं. पर्सिव्हल १८७६ मध्ये हार्वर्डमधून गणितात चांगलं यश घेऊन बाहेर पडले. पदवीदान समारंभात त्यांनी विषय घेतला तो तेजोमेघापासून सूर्यमाला कशी बनली याचा. मग युरोप फिरून आले आणि घरच्या रिवाजाप्रमाणे सहा-एक वर्षं आजोबांचा कारभार, म्हणजे गिरण्या, ट्रस्ट, गुंतवणुका, हे सगळं सांभाळलं. पैशाची चांगली समज होती, पण त्यात मन रमलं नाही.

१८८३ मध्ये ते जपानला गेले. त्याच वर्षी कोरियाचं पहिलं शिष्टमंडळ अमेरिकेला निघालं, त्याचे परदेशी सचिव म्हणून लॉवेलना नेमलं गेलं. पुढची दहा वर्षं येऊन-जाऊन पूर्वेकडेच गेली. कोरियावर एक आणि जपानवर तीन अशी चार पुस्तकं त्यांनी लिहिली. ती वाचली तर माणसाचा स्वभाव कळतो. नजर बारीक, भाषा सुरेख, पण निष्कर्ष काढायची घाई फार. चार गोष्टी पाहायच्या आणि त्यावरून अख्ख्या समाजाचा सिद्धांत मांडायचा, ही सवय त्यांना मंगळावर जायच्या आधीच लागलेली होती.

मंगळाची गोष्ट सुरू होते इटलीत. १८७७ मध्ये मंगळ पृथ्वीच्या खूप जवळ आला होता. त्या वेळी मिलानचे खगोलशास्त्रज्ञ शियापारेल्ली यांना त्याच्यावर बारीक रेषा दिसल्या. त्यांनी इटालियन शब्द वापरला ‘कनाली’. त्याचा अर्थ चर, प्रवाह असा काहीही होतो, नैसर्गिक असो वा खणलेला. इंग्रजीत येताना त्याचा झाला ‘कॅनॉल’. म्हणजे कालवा, आणि कालवा म्हटला की खणणारा आलाच. एका शब्दाच्या भाषांतराने केवढा घोळ होतो, हे दोन-तीन भाषांत रोज कागदपत्रं हाताळणाऱ्या आपल्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको.

१८९३ च्या शेवटी लॉवेल जपानहून परतले तेव्हा मंगळाने त्यांना पुरतं पछाडलं होतं. मंगळ साधारण दर २६ महिन्यांनी पृथ्वीच्या जवळ येतो. पुढची संधी होती ऑक्टोबर १८९४ ची. हातात वर्षही नाही. लॉवेलनी पैसे काढले, हार्वर्ड वेधशाळेचे दोन जाणकार जोडीला घेतले. एक डब्ल्यू. एच. पिकरिंग आणि दुसरा तरुण ए. ई. डग्लस. डग्लस हे एक छोटी दुर्बीण घेऊन ॲरिझोनाच्या रखरखीत प्रदेशात गावोगाव फिरले आणि कुठली हवा सगळ्यात स्थिर आहे ते तपासत राहिले. शेवटी फ्लॅगस्टाफ या छोट्या गावाबाहेरची, समुद्रसपाटीपासून २१०० मीटरहून उंच असलेली टेकडी ठरली. मे संपता संपता निरीक्षणं सुरूसुद्धा झाली. वेधशाळा शहराच्या धुरापासून लांब, उंचावर, चांगली हवा शोधून बांधायची, हा आता नियमच आहे. त्या काळी असा विचार करणारे थोडेच होते, आणि याचं श्रेय लॉवेलना द्यायलाच हवं.

पहिल्या हंगामात त्यांनी सगळ्यात बारकाईने काय पाहिलं असेल, तर दक्षिण ध्रुवावरची पांढरी टोपी. मंगळाच्या ध्रुवांवर पांढरे डाग आहेत हे सतराव्या शतकापासून माहीत होतं. १७८४ मध्ये विल्यम हर्शेल यांनी ते बर्फ असावेत असं मांडलं होतं. १८९४ च्या उन्हाळ्यात मंगळाच्या दक्षिण गोलार्धातही उन्हाळा येत होता. फ्लॅगस्टाफवरून रात्रीमागून रात्री ती टोपी लहान होताना दिसली. ऑक्टोबरपर्यंत ती जवळजवळ दिसेनाशी झाली. आणि आकसताना तिच्या कडेने एक गडद निळसर पट्टा दिसत होता. टोपी मागे सरकेल तसा तो पट्टाही मागे सरके.

इथे लॉवेल यांचा तर्क पाहण्यासारखा आहे. मंगळावरचा पांढरा पदार्थ पाण्याचा बर्फ नसून गोठलेला कार्बन डायऑक्साइड असेल, अशी शंका काही जण घेत होते. लॉवेलनी उत्तर दिलं की हवा विरळ असेल तर गोठलेला कार्बन डायऑक्साइड वितळत नाही, त्याची थेट वाफ होते, मधे द्रव अवस्था येतच नाही. मग कडेने निळा पट्टा कसला? तो द्रवाचा, म्हणजे पाण्याचाच. तर्क म्हणून हे पक्कं आहे, त्यातलं पदार्थविज्ञान आजही बरोबर धरलं जातं. गडबड एवढीच की निळा पट्टा पाण्याचा नव्हता. पांढऱ्या टोपीला लागून असलेली गडद जमीन आणि शेजारशेजारच्या उजळ-काळ्या रंगांनी डोळ्याला होणारा भास, असं त्याचं स्पष्टीकरण आता दिलं जातं. पाया चुकीचा आणि त्यावर बांधकाम अगदी काटकोनात, असा हा प्रकार. लॉवेल यांच्या आयुष्यात तो पुन्हा पुन्हा दिसतो.

कालव्यांचा सिद्धांत

त्यावर त्यांनी जे उभारलं ते असं. मंगळ पृथ्वीपेक्षा लहान, म्हणून लवकर थंड झाला, लवकर म्हातारा झाला. समुद्र आटले. ज्यांना आपण समुद्र म्हणत होतो त्या गडद भागांवरूनही रेषा जाताना दिसतात, म्हणजे ते समुद्र नव्हेत, ती झाडी. पाण्याचा साठा उरला तो फक्त दोन ध्रुवांवर, बर्फाच्या रूपात. वसंतात बर्फ वितळला की पाणी विषुववृत्ताकडे निघतं आणि त्याच्यामागे गडद रंगाची लाट सरकत जाते. मंगळावर सखल भागाकडे आपोआप वाहील असा उतार नाही, म्हणजे पाणी कुणीतरी नेतं. दिसणाऱ्या रेषा हा खुद्द कालवा नव्हे, तो इतक्या लांबून दिसणारच नाही. दिसते ती कालव्याच्या दोन्ही काठांनी मैलोगणती पसरलेली हिरवळ. रेषा जिथे मिळतात तिथे गोल ठिपके, ती ओअॅसिस, वस्तीची ठिकाणं. पहिलं पुस्तक ‘मार्स’ १८९५ मध्ये आलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत नकाशावरच्या कालव्यांची संख्या चारशेच्या वर गेली.

यातलाच एक मुद्दा मला सगळ्यात लक्षात राहिला. लॉवेल यांचं म्हणणं होतं की मंगळावर राष्ट्रं, सीमा, लढाया असूच शकत नाहीत. कालवे एका ध्रुवापासून दुसऱ्या गोलार्धापर्यंत जातात. मधे कुणी पाणी अडवलं तर सगळेच मरतील. ज्या ग्रहावर पाणी इतकं कमी आहे त्या ग्रहावर लोकांनी एक होणं भागच आहे. कृष्णेचं पाणी, म्हादईचा लवाद, कणकुंबीजवळच्या कळसा नाल्याचं काम, हे सगळं वर्षानुवर्षं बातम्यांत लिहिणाऱ्या माझ्यासारख्याने हे वाचलं की हसूही येतं आणि जरा गप्पही व्हायला होतं. पाणी कमी पडलं की माणसं एक होतात, हा अनुभव निदान आपल्या जिल्ह्याचा तरी नाही.

लोकांनी सिद्धांत डोक्यावर घेतला. व्याख्यानांना गर्दी, वर्तमानपत्रांत पानंच्या पानं. इंग्लंडमध्ये एच. जी. वेल्स यांनी मंगळवासी पृथ्वीवर चालून येतात ही कादंबरी १८९८ मध्ये पुस्तकरूपात आणली, ती याच हवेत लिहिलेली. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ मात्र पहिल्यापासून साशंक होते. एक कारण असं की त्यांच्या मोठमोठ्या दुर्बिणींतून त्या सरळ रेषा दिसत नव्हत्या. लॉवेल म्हणत, तुमची हवा वाईट आहे.

इथे थोडं थांबून सांगायला हवं की मंगळ दुर्बिणीतून पाहणं म्हणजे काय. अगदी जवळ आला तरी मंगळाची तबकडी आकाशात पौर्णिमेच्या चंद्राच्या व्यासाच्या सत्तराव्या भागाएवढी असते. दुर्बिणीतून ती मोठी होते, पण हवेच्या हालचालीने सतत थरथरते, तापलेल्या तव्यावरून पलीकडचं दिसावं तशी. एखादा क्षण हवा स्थिर होते, काहीतरी स्पष्ट दिसतं, आणि जातं. मग पाहणारा कागदाकडे वळून आठवणीने चित्र काढतो. कॅमेऱ्याची काच त्या काळी इतकी मंद होती की तो क्षण तिच्यावर उमटत नसे. म्हणजे पुरावा होता तो फक्त पाहणाऱ्याचा शब्द आणि पाहणाऱ्याचा हात.

१८९६ मध्ये २४ इंची नवी दुर्बीण आली. लॉवेलनी ती शुक्राकडेही वळवली. ढगांनी पूर्ण झाकलेल्या शुक्रावर त्यांना चाकाच्या आऱ्यांसारख्या रेषा दिसल्या. बाहेरच्या बहुतेक निरीक्षकांना त्या दिसल्या नाहीत. शंभर वर्षांनंतर काही जाणकारांनी एक शक्यता पुढे आणली. दुर्बिणीचं तोंड झडपेने बारीक केल्यावर पाहणाऱ्याला स्वतःच्याच डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांच्या सावल्या दिसू शकतात. लॉवेल कदाचित आपल्याच डोळ्याचा नकाशा काढत होते. शुक्रावरच्या टीकेनंतर १८९७ मध्ये ते कोलमडले. मज्जातंतूंचा थकवा असं निदान झालं, आणि पुढची जवळजवळ चार वर्षं ते निरीक्षणापासून लांब राहिले.

त्या चार वर्षांत वेधशाळा डग्लस यांनी चालवली. आणि त्यांच्या मनात शंका यायला लागली. त्यांनी एक साधा प्रयोग केला. मंगळासारखे रंगवलेले कृत्रिम गोळे दूर ठेवले आणि दुर्बिणीतून पाहिले. जे गोळ्यावर काढलेलंच नव्हतं तेही दिसू लागलं. डग्लस यांनी हे सगळं, आणि लॉवेल आधी मत ठरवतात नि मग त्याला पुरावा शोधतात ही तक्रार, लॉवेल यांच्या मेहुण्याला पत्राने कळवली. पत्र लॉवेलपर्यंत पोचलं. १९०१ मध्ये डग्लस यांची नोकरी गेली.

कालवे दिसले यात लॉवेल यांची फार चूक मी धरत नाही, शियापारेल्लींनाही रेषा दिसल्याच होत्या. पण ज्याने वेधशाळेची जागा शोधून दिली, आजारपणात कारभार सांभाळला, आणि खरं ते सांगितलं, त्याला बाहेर काढणं, ही गोष्ट त्यांच्या खात्यात कायमची नावे पडली. डग्लस यांचं पुढे वाईट झालं नाही. झाडाच्या खोडातली वलयं मोजून जुन्या काळाचा हिशेब लावायची पद्धत त्यांनी काढली. १९२९ मध्ये त्याच पद्धतीने अमेरिकेतल्या आदिवासींच्या प्राचीन वस्त्यांची वर्षं निश्चित झाली. आज पृथ्वीचं जुनं हवामान अभ्यासायला ती पद्धत जगभर वापरतात.

१९०३ मध्ये इंग्लंडमध्ये मॉन्डर आणि इव्हान्स या दोघांनी तीच गोष्ट शाळकरी मुलांवर तपासली. ग्रिनिचच्या एका शाळेत मुलांसमोर मंगळाचं चित्र टांगलं. त्यात रेषा नव्हत्या, नुसते तुटक ठिपके आणि डाग होते. मुलांना सांगितलं, दिसतं तसं काढा. अमुक एका अंतरावर बसलेल्या मुलांनी सरळ रेषा काढल्या. डोळा आणि मेंदू मिळून सुटे ठिपके जोडतात, हे सिद्ध झालं. लॉवेलनी या प्रयोगाची टर उडवली.

वॉलेस यांचं ऑडिट

१९०६ मध्ये ‘मार्स अँड इट्स कॅनाल्स’ हे दुसरं मोठं पुस्तक आलं, शियापारेल्ली यांना अर्पण केलेलं. १९०७ मध्ये लॉवेल यांच्या खर्चाने एक पथक दक्षिण अमेरिकेत अँडीजमध्ये जाऊन मंगळाचे हजारो फोटो काढून आलं. त्याच वर्षी लॉवेलनी एक गणितही प्रसिद्ध केलं. मंगळाचं सरासरी तापमान ४८ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ९ अंश सेल्सियस, दक्षिण इंग्लंडएवढं.

त्याला उत्तर दिलं ८४ वर्षांच्या एका म्हाताऱ्याने. आल्फ्रेड रसेल वॉलेस. डार्विन यांच्याबरोबर नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणारे तेच वॉलेस. त्यांना दुर्बिणीची गरजच पडली नाही. त्यांनी रेषा दिसतात की नाही हा वाद बाजूला ठेवला आणि थेट वहीखाती तपासायला घेतली. आम्ही कॉमर्सवाले याला ऑडिट म्हणतो, आणि मी पाहिलेल्या चांगल्या ऑडिटपैकी हे एक आहे.

जमेची बाजू काय? ध्रुवावरची टोपी काही आठवड्यांत नाहीशी होते, म्हणजे तो थर पातळ असला पाहिजे. पातळ थरातून पाणी किती निघणार? खर्चाची बाजू काय? हवा विरळ, आकाशात ढग नाहीत, वाळवंट हजारो मैलांचं. तेवढं पाणी उघड्या कालव्यांतून विषुववृत्तापर्यंत आणि पलीकडे नेऊ म्हटलं तर वाटेतच संपेल. हिडकलच्या कालव्याच्या शेवटच्या टोकाला जमीन असलेल्या शेतकऱ्याला हे एका वाक्यात पटेल. आणि असे कालवे जमिनीचा चढउतार न बघता सरळ रेषेत खणणारे लोक शहाणे म्हणायचे की वेडे? तापमानाचंही तेच. भौतिकशास्त्रज्ञ पॉइंटिंग यांनी केलेल्या गणितांचा आधार घेऊन वॉलेसनी दाखवलं की मंगळ गोठणबिंदूच्या बराच खाली आहे. त्या थंडीत आणि विरळ हवेत द्रव पाणी टिकणार नाही. निष्कर्ष काढला तो असा की मंगळावर कुणी राहत नाही, एवढंच नाही तर तो राहण्याजोगाच नाही.

आज मोजलेलं सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास आहे. हवेचा दाब लॉवेलनी पृथ्वीच्या साधारण बाराव्या भागाएवढा धरला होता, प्रत्यक्षात तो एक टक्क्यालाही पोचत नाही.

लॉवेल मागे हटले नाहीत. १९०८ मध्ये ‘मार्स अॅज द अबोड ऑफ लाइफ’ हे तिसरं पुस्तक आलं. त्याच वर्षी, वयाच्या ५३ व्या वर्षी, त्यांनी लग्न केलं. पत्नी कॉन्स्टन्स, बोस्टनमधल्याच. १९०९ च्या सप्टेंबरात मंगळ पुन्हा जवळ आला. पॅरिसजवळ म्यूदाँच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीला अँटोनियाडी बसले होते. हे आधी रेषा पाहणाऱ्यांपैकीच एक. एका रात्री हवा अपवादाने शांत झाली आणि रेषांच्या जागी त्यांना असंख्य लहानमोठे, वेडेवाकडे डाग दिसले. ग्रिनिचच्या मुलांनी जे दाखवलं होतं तेच. जाणकारांपुरता वाद तिथे संपला.

फ्लॅगस्टाफच्या टेकडीवर मात्र लॉवेल यांचं काम सुरू राहिलं. तिथल्या त्यांच्या आयुष्याच्या गमतीदार हकिकती आहेत. बाग होती, भोपळे लावायचे, आणि वेधशाळेची एक गाय होती, नाव व्हीनस, म्हणजे शुक्र! हाताखालच्या लोकांशी ते एरवी उदारपणे वागत. डग्लस गेल्यावर आलेल्या व्हेस्टो स्लायफर यांना त्यांनी सर्पिल तेजोमेघांचे वर्णपट घ्यायला सांगितलं. लॉवेलना वाटत होतं त्यातून सूर्यमाला कशी जन्मते ते कळेल. १९१२ पासून स्लायफरना जे मिळत गेलं त्यातून कळलं की यातले बहुतेक तेजोमेघ प्रचंड वेगाने आपल्यापासून दूर पळताहेत. विश्व प्रसरण पावतं या शोधाच्या मुळाशी ही मोजमापं आहेत. लॉवेल यांच्या पैशातून झालेलं सगळ्यात मोठं काम हेच, आणि मंगळाशी त्याचा काडीचा संबंध नाही.

शेवटची काही वर्षं नेपच्यूनपलीकडच्या ग्रहाच्या शोधात गेली. आकडेमोडीला माणसं ठेवली, त्यात एलिझाबेथ विल्यम्स या गणिती बाई प्रमुख. ग्रह सापडला नाही. १२ नोव्हेंबर १९१६ रोजी फ्लॅगस्टाफलाच मेंदूतल्या रक्तस्रावाने लॉवेल गेले. वय ६१. दुर्बिणीच्या घुमटाशेजारीच त्यांची समाधी आहे. मृत्युपत्रावरून पत्नी आणि वेधशाळा यांच्यात दहा वर्षं कोर्टकचेरी चालली, त्यात बराच पैसा गेला. १९३० मध्ये त्याच वेधशाळेत कॅन्ससच्या एका शेतकऱ्याचा मुलगा क्लाइड टॉम्बॉ याला प्लूटो सापडला. घोषणा केली १३ मार्चला, लॉवेल यांच्या जन्मदिवशी. मागाहून तपासलं तर १९१५ मध्ये लॉवेल हयात असताना घेतलेल्या काचांवर प्लूटो उमटलेला होता. कुणाच्या लक्षात आला नव्हता.

बर्फात खरंच काय आहे

जुलै १९६५ मध्ये मरिनर ४ हे यान मंगळाजवळून गेलं आणि वीस-बावीस फोटो पाठवले. त्यात खड्डेच खड्डे होते. १९६९ मध्ये मरिनर ७ ने दक्षिण ध्रुवाच्या टोपीवर कार्बन डायऑक्साइडचा बर्फ असल्याचं नक्की केलं. लॉवेल इथेही हरले असं त्या वेळी वाटलं. पण १९७६ मध्ये व्हायकिंगची यानं मंगळाभोवती फिरू लागली. उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात साचलेला कार्बन डायऑक्साइड उन्हाळ्यात उडून गेला, तरी खाली पांढरा थर शिल्लक राहिला. तो पाण्याचा बर्फ होता. पुढे रडारने जाडी मोजली गेली. दोन्ही ध्रुवांवर काही ठिकाणी तीन किलोमीटरच्या आसपास. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापाप्रमाणे एकट्या दक्षिण ध्रुवाचा बर्फ वितळवून सगळ्या मंगळावर सारखा पसरला तर ११ मीटर खोल पाणी होईल. दर हंगामात येणारीजाणारी वरची पांढरी चादर कार्बन डायऑक्साइडची, आणि खाली हलत नाही ती मुद्दल पाण्याची. लॉवेलना जे वितळताना दिसलं ते पाणी नव्हतं, पण पाणी तिथेच होतं.

२५ मे २००८ रोजी फिनिक्स हे यान उत्तर ध्रुवप्रदेशाच्या कडेला उतरलं. त्याच्या यांत्रिक हाताने काही सेंटिमीटर माती उकरली तर खाली पांढरं काहीतरी लागलं. चरात पडलेले छोटे खडे चार दिवसांत नाहीसे झाले. मीठ असतं तर ते तिथेच राहिलं असतं. तो पाण्याचा बर्फ होता आणि वितळण्याऐवजी त्याची थेट वाफ झाली, विरळ हवेबद्दल लॉवेल जे सांगत होते अगदी तसंच.

मग या बर्फात जीव असेल का? कालवे खणणारे कुणी नाहीत, प्रश्न सूक्ष्मजीवांचा आहे. आणि तो हवेतला नाही, त्याला पृथ्वीवरचा आधार आहे. अंटार्क्टिकात ८०० मीटर जाड बर्फाखालच्या व्हिलन्स सरोवरापर्यंत २०१३ मध्ये छिद्र पाडलं, तिथे सूर्यप्रकाश नसताना जिवंत जिवाणू मिळाले. हिमालयापासून आल्प्सपर्यंत उन्हाळ्यात बर्फ तांबूस होतो तो त्यावर वाढणाऱ्या शेवाळामुळे. घट्ट गोठलेल्या बर्फातही स्फटिकांच्या फटींत खारट पाण्याच्या केसाहून बारीक शिरा राहतात आणि त्यात जिवाणू सापडतात. मीठ पाण्याला गोठू देत नाही. आइस्क्रीमच्या जुन्या लाकडी मशीनमध्ये बर्फावर खडेमीठ टाकताना आपण हेच करायचो. फिनिक्सला मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार मिळाले, ते पाण्याचा गोठणबिंदू साध्या मिठापेक्षा फार खाली नेतात.

अडचणीही तेवढ्याच खऱ्या आहेत. ध्रुवावरची थंडी इतकी आहे की आपल्याला माहीत असलेला कुठलाही जीव तिथे वाढू शकणार नाही, फार तर निपचित पडून राहील. वरच्या थरात अतिनील किरणं आणि अवकाशातला किरणोत्सर्ग आहे. त्यापासून वाचायचं तर खोल जायचं, आणि खोल गेलं तर उजेड नाही. अलीकडच्या एका अभ्यासात असं गणित मांडलं गेलं की धूळमिश्रित बर्फात एका ठरावीक खोलीवर अतिनील किरणं अडतात आणि प्रकाशसंश्लेषणाला पुरेल इतका उजेड पोचतो. पण थोडं वितळून पाणी होईल अशी जागा त्यांना ध्रुवावर मिळाली नाही, ती मधल्या अक्षांशांवर मिळाली. दुसरी शक्यता काळाची आहे. मंगळाचा आस लाखो वर्षांत पृथ्वीपेक्षा खूप जास्त कलंडतो. ध्रुवांवर आजच्यापेक्षा बरंच जास्त ऊन पडे असे काळ होऊन गेले आहेत. तेव्हाचं काही आजच्या बर्फात बंद होऊन पडलं असेल, तर बर्फासारखी चांगली तिजोरी दुसरी नाही.

२०१८ मध्ये इटालियन शास्त्रज्ञांनी, शियापारेल्लींच्याच देशातल्या, मार्स एक्सप्रेस यानाच्या रडारवरून जाहीर केलं की दक्षिण ध्रुवाच्या दीड किलोमीटर जाड बर्फाखाली वीस किलोमीटर रुंदीचा एक भाग असा चकाकतो की तिथे द्रव पाणी असावं. जगभर बातम्या झाल्या. नंतर दुसऱ्या गटांनी दाखवलं की गोठलेली चिकणमाती किंवा बर्फाचे एकावर एक असलेले पातळ थरही रडारला असंच चकाकताना दिसू शकतात. वाद अजून मिटलेला नाही. या वेळी फरक इतकाच की मोजमापाचे आकडे सगळ्यांसाठी खुले आहेत आणि शंका घेणाऱ्याची नोकरी जात नाही.

मंगळाच्या ध्रुवीय बर्फावर आजवर एकही यान नीट उतरलेलं नाही. फिनिक्स उतरलं ते अलीकडच्या मैदानात. दक्षिण ध्रुवाजवळच्या थरांवर उतरायला निघालेलं मार्स पोलर लँडर ३ डिसेंबर १९९९ रोजी मंगळाच्या वातावरणात शिरलं, त्यानंतर त्याचा आवाज आला नाही. चौकशीत सगळ्यात संभवनीय कारण निघालं ते असं. हवेत असतानाच पाय उघडल्याचा हिसका बसला, यानाला वाटलं आपण जमिनीला टेकलो, आणि त्याने इंजिन बंद केलं.